आईच्या चेहऱ्याची कांडी

॥ मरियामाता प्रसन्न ॥
मुरानो, ३ मार्च १९५५

चि. सौ. नीवेस हिस, ओर्सोलाताईचे आशीर्वाद.

पार्सल पोहोचले. आत केक एक, रेशमी रुमाल एक, मासिक एक. नाववाल्याचे ऐंशी लिरा मीच भरले. उपासाच्या दिवसांत केक धाडायची अक्कल तुलाच! ईस्टरपर्यंत उचलून ठेवला आहे.

मासिकात तुझ्या यजमानांनी, कोर्रादोंनी, नमुना काढलेला ॲशट्रे पाहिला. तळाशी आईचे सात चेहरे! कुठेही कापली तरी चकतीवर आईच दिसावी, अशी काचेची कांडी बाबांनी ओढली. आपल्या लग्नांत दोघींना अर्धी अर्धी दिली, ती नातवंडांच्या पहिल्या कम्युनियनला, चर्चमध्ये पहिला प्रसाद घेताना, एकेक चकती गळ्यात घालायला. मिलानच्या लोकांनी आईच्या कपाळावर सिगारेटी विझवायला नव्हे. आणि वर माझी अर्धी मागतेस?

देव तुला बुद्धी देवो.
ओर्सोला

मिलान, ९ मार्च

ती. ताईस, सा. न.

फटकारे पोचले. बाबा जन्मभर भट्टीपुढे भाजले, त्यांचं नाव कुणी छापलं? यांनीच. चित्राखाली बारीक अक्षरांत आहे, चष्मा लावून बघ. तू मात्र कांडी चिंधीत बांधून ठेवतेस आणि त्याला भक्ती म्हणतेस. आणखी बारा ॲशट्रेंची मागणी आहे. कांडी नाही मिळाली तर यांचं दुकान बसेल. आमची अर्धी संपली, मे महिन्यात तुल्याचं कम्युनियन, तिलाही चकती उरली नाही. भाचीकडे तरी बघ. पुढच्या शनिवारी हे कांडी न्यायला येतील.

राग ओसरला तर माया ठेव.
नीवेस

मुरानो, १५ मार्च

चि. सौ. नीवेस हिस आशीर्वाद.

कोर्रादोंना तिकीट काढू देऊ नकोस. पत्र वाचताच कांडी घेऊन बास्तियानकाकांच्या भट्टीवर गेले. म्हटलं, तापवा आणि ओढा. काका म्हणाले, पोरी, चेहरा बारीक होईल, पुन्हा मोठा व्हायचा नाही. म्हटलं, तेच हवंय. दोघांनी दोन टोकं धरली आणि वीतभर कांडी दारापर्यंत नेली. आई आता मसुरीएवढी झाली आहे. ॲशट्रेला निरुपयोगी, पण पणतवंडांना पुरेल. डोळ्याशी धरून पाहिली, कपाळावरची आठी तशीच आहे.

दुकान बसलं तर तिघंही इकडे या. जेवायला कोर्रादोंनाही वाढीन, बोलणार मात्र नाही.

तुल्यासाठी एक चकती कापसात गुंडाळून सोबत ठेवली आहे. ती तिच्या हाती पडल्याचं उलट टपाली कळव, तिच्याच अक्षरात.

ओर्सोला