पाद्री माझा, शास्त्री इनासचा

मी, श्रीपाद भास्कर मुळ्ये, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुस्तकांच्या बाबतीत ती कधीच शाबूत नव्हती असं माझी पत्नी विमल म्हणते, पण कायद्याला एवढी पुरते.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील सर्व ठेवी विमलच्या. पुस्तकांपायी तिला हॉलमध्ये धड दोन खुर्च्या मांडता आल्या नाहीत. माझ्यामागे तिने हवा तसा सोफा घ्यावा.

२. राजकारण व धर्मविचारांवरची माझी जुनी पुस्तकं, कलम ५ मधली सोडून, ठाण्यातील सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावीत. अट एकच: शीर्षकपानावर शिक्का मारायचा नाही.

३. बांधणीचं दाबयंत्र, दाभण आणि खळीचे ब्रश मुलगी प्राचीला. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायला तिने विसरू नये.

४. जावई सुदेश यांनी एकदा माझ्या दुर्मिळ निबंधाच्या फाटक्या पानाला प्रेमाने चिकटपट्टी लावली. पान कायमचं पिवळं पडलं. मी त्यांना माफ केलेलं नाही. माझं घड्याळ मात्र त्यांनाच द्यावं. माणूस चांगला आहे.

५. दीडशे वर्षांपूर्वी एका पाद्रीबुवांनी हिंदू धर्मावर टीकेची पुस्तिका छापली आणि एका शास्त्रीबुवांनी तिला उत्तर छापलं. माजिवड्याचा माझा मित्र इनास मिस्किटा आणि मी कल्याणला रद्दीच्या दुकानात पुस्तकं हुडकत होतो, तेव्हा दोन्ही पुस्तिका एकाच गठ्ठ्यात निघाल्या. आम्हा जमवणाऱ्यांचा रिवाज असा, की ज्याचा हात आधी पडला त्याचं पुस्तक. दुसऱ्याने ब्र काढायचा नाही. घाईत दोघांनीही मुखपृष्ठ न बघताच हात टाकले. मला पाद्री मिळाला आणि चर्चमधली प्रार्थना न चुकवणाऱ्या इनासला शास्त्री. अदलाबदल करू या, असं म्हणायला दोघांचाही ताठा आडवा आला.

मग रविवारी दुपारी तो वाद आमच्या हॉलमध्ये रंगू लागला. "श्रीपाद, तुझा पाद्री आज गप का झाला रे?" इनास खिजवायचा. "थांब, पुढचं पान तर ऐक," मी म्हणायचो. चहा ठेवताना विमल विचारायची, "दोघांनी धर्म बदललात की काय?" त्या रविवारांइतका आनंद मला दुसऱ्या कशाने दिला नाही.

आता काळजी एवढीच, की आमच्यामागे प्रश्न एका घरी आणि उत्तर दुसऱ्या घरी पडून राहू नये. म्हणून पाद्रीबुवांची पुस्तिका इनासला द्यावी. प्राचीने ती स्वच्छ फडक्यात बांधून स्वतः माजिवड्याला न्यावी, कुरियरने पाठवू नये.

६. साक्षीबद्दल. दिवाळीनंतर इनासने आपलं मृत्युपत्र केलं आणि साक्षीला शेजारच्या ऑलिव्हरला बसवलं. माझ्या घराच्या करारावर, प्राचीच्या लग्नाच्या नोंदणीवर इनासची सही आहे, आणि त्याला माझी नकोशी झाली. मला फार लागलं. त्यानंतर कितीतरी रविवार मी त्याच्याशी धड बोललो नाही. म्हणून वकिलांना मुद्दाम सांगितलं, "साक्षीदार म्हणून इनासचं नाव टाका. मित्राला कसं बोलावतात ते कळू दे त्याला."

वकील म्हणाले, "नको काका. मृत्युपत्रात ज्याला काही मिळायचं असतं, त्याला साक्षीला बसवत नाहीत."

शास्त्रीबुवा इनासने कोणाच्या नावे लिहून ठेवलेत, ते मला तिथे वकिलांसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

सबब, माझा राग मी या कलमान्वये मागे घेत आहे, आणि इनासला साक्षीला बोलावत नाही.

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: १२ जानेवारी २०२५

(सही) श्रीपाद भास्कर मुळ्ये

आमच्यासमक्ष सही केली:
१. उत्तम गणपत भोईर, शेजारी
२. डॉ. ऋजुता केळुसकर