पाटीवरची तीन अक्षरं

३ मार्च, सोमवार

आज रुजू झाले! तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डची क्लार्क. शाळेच्या ऑफिसात उभं आयुष्य टायपिंग केलं आणि शाळाच बंद पडली, तेव्हा या वयात आता तुला कोण विचारणार, असं सगळ्यांनी गोड शब्दांत ऐकवलं होतं. आता बसा म्हणावं. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय, चारही पाय धड असलेली खुर्ची मिळालीय आणि खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी निळा स्वेटरसुद्धा. कोणाचा म्हणून विचारलं तर सगळ्यांनी खांदे उडवले. एसी नेमका माझ्या डोक्यावर आहे, म्हणून मी तो घातला. अगदी मापाचा निघाला.

काम सोपं. डॉक्टर सकाळी राउंड घेतात आणि फायलीत कोंबडीचे पाय उमटवतात. ते लावून प्रत्येक खाटेच्या डोक्याशी जी पांढरी पाटी आहे तिच्यावर मार्करने मोजकी अक्षरं लिहायची, म्हणजे सिस्टरना दारातूनच कळतं कोणाचं काय करायचं. इनचार्ज सिस्टर (चष्मा कायम कपाळावर, आवाज कायम सर्दीचा) म्हणाल्या की इथे वाक्यं वाचायला कोणाला वेळ नाही. अक्षरं पाठ करा, बाकी आपोआप जमेल.

५ मार्च, बुधवार

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एसओएस म्हणजे गरज पडली तरच, आमच्या नातेवाइकांसारखं. एनपीओ म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा. डॉक्टर नको म्हणत असताना उठून घरी गेलेला पेशंट म्हणजे लामा. आणि एनएडी म्हणजे तपासलं, काही वावगं आढळलं नाही. ज्युनियर डॉक्टर हसत म्हणाला की निम्म्या वेळा त्याचा खरा अर्थ तपासलंच नाही असा असतो. मी पण हसले. नवीन माणसाने हसायचं असतं.

संध्याकाळी बाबांनी माझी उजळणी घेतली. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते, त्यामुळे अर्धवट शब्द दिसला की त्यांचं डोकं फिरतं. मधुमेहाला डीएम म्हणतात हे ऐकून विचारलं की चार अक्षरं लिहायला या लोकांची बोटं झिजतात का. तरी वही हातात धरून बसले, मी चुकले की मिटक्या मारत बरोबर उत्तर सांगत होते. आम्ही दोघंच तर आहोत घरात. इतकं हसलो नव्हतो कित्येक दिवसांत.

१० मार्च, सोमवार

माझं अक्षर दारातून वाचता येतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सर्वांसमोर सांगितलं. मी घरी येईपर्यंत हवेत होते.

एक गोष्ट मात्र खटकली. राउंड संपल्यावर टेबलावरचा फोन वाजला. वरून बोलतोय, नऊ नंबरला एनएफव्ही लिहा, एवढंच बोलून ठेवला. माझ्या वहीत ही अक्षरं नव्हती. इनचार्ज सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, नो फर्दर व्हिजिट. यापुढे त्या खाटेकडे कोणी बघायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे आशा सोडलेला पेशंट? त्या म्हणाल्या, नाही, त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं आहेत.

नऊ नंबरवर एक टेलरकाका आहेत. मी पाटीवर लिहीत होते तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, आणि माझ्या स्वेटरची बाही कशी उसवलीय ते मला समजावत होते. मी लिहिलं. सांगितलेलं काम करायचं असतं ना.

१२ मार्च, बुधवार

चहाची गाडी आठ नंबरपाशी थांबली आणि थेट दहाकडे गेली. सकाळीही तेच, दुपारीही तेच. काकांनी हात वर केला. मग हाक मारली. गाडी ढकलणाऱ्या बाईने मान वर केली नाही.

त्यांची बायको डबा घेऊन आली. सगळ्या खाटांकडे बघत शेवटपर्यंत गेली, परत आली. काका तिला नावाने हाका मारत होते, अगदी पाच हातांवरून. ती बाकावर जराशी टेकली, डब्याकडे बघितलं आणि पत्ता चुकल्यासारखी ओशाळून निघून गेली.

मी काकांना पाणी नेऊन दिलं. सिस्टरने विचारलं की रिकाम्या खाटेशी पाणी कोणासाठी ठेवलंस. विचारताना ती काकांच्या तोंडाकडेच बघत होती.

१३ मार्च, गुरुवार

मावशींनी नऊ नंबरची चादर बदलली. काका त्या चादरीवर झोपलेले असताना. ते धडपडत खाली उतरले आणि मावशींना म्हणाले, माफ करा हं. नवा पेशंट आला, मी पाटी पुसली आणि त्याची अक्षरं लिहिली. काका भिंतीला लागून उभे होते, कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून अंग चोरून.

इनचार्ज सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुसला, परत कपाळावर चढवला. म्हणाल्या की जो लिहितो त्याला थोडे दिवस दिसतं. मग सवय होते.

१७ मार्च, सोमवार

सवय झाली. टेलरकाकांना मिशी होती की नव्हती, ते मला आठवत नाहीये. भिंतीशी कोणी नाही. मी नीट बघितलं. मला माझीच शिसारी आली, आणि मग पाट्या लिहायला घेतल्या.

१९ मार्च, बुधवार

बाबांना दम लागला. बोलता येईना, ओठ निळे. मी दुसऱ्या हॉस्पिटलात नेणार होते, पण तिथले डॉक्टर सुट्टीवर, म्हणून इथेच आणलं. न्यूमोनिया. चार नंबर.

त्यांची पाटी मी लिहिली. लिहून दोनदा वाचली.

२१ मार्च, शुक्रवार

ऑक्सिजन काढला. बाबा उठून बसले आणि मी आल्या आल्या पाटीवरून माझ्याशी भांडले. आपल्या आजाराचं नाव पूर्ण लिहिलं पाहिजे, एवढा आजार सोसतोय तर. मी पूर्ण लिहिलं. इनचार्ज सिस्टरनी पुसायला लावलं.

फोन वाजला की मी आधी चार नंबरकडे बघते. बाबा शेजारच्या पेशंटला सांगत होते की ही माझी मुलगी, इथे सगळं हिच्याच हाताखाली चालतं.

२२ मार्च, शनिवार

वाजला. चार नंबरला एनएफव्ही.

मी विचारलं, का? ते बरे होतायत. तिकडून पुन्हा तेच, चार नंबर. मग ठेवला.

खाली टेलिफोन ऑपरेटरकडे धावत गेले. तो म्हणाला, बाई, वरून कोण बोलणार, तुमच्या वर मजलाच नाही. गच्ची आहे. पाण्याच्या टाक्या आहेत.

इनचार्ज सिस्टरना हात जोडले. त्यांनी नजर चुकवली. म्हणाल्या, खाट लागते कोणाला तरी. मी लिहिणार नाही म्हटलं. तर म्हणाल्या, तुम्ही नाही तर दुसरं कोणीतरी लिहील. एकदा खाली आलेली अक्षरं परत जात नाहीत. या वॉर्डात कुठेतरी लिहावीच लागतात.

२३ मार्च, रविवार

सुट्टी असून आले. लिहिलेलं नाही.

फोन वाजतोय. चहाची गाडी चार नंबरपाशी आली, घुटमळली. बाईने बाबांकडे बघितलं, कपाळाला आठ्या, काहीतरी आठवत नसल्यासारख्या. मग कप दिला. यावेळी दिला.

बाबांना कळलंय काहीतरी. विचारत होते की सिस्टर माझ्याशी बोलता बोलता मध्येच गप्प का होते.

वॉर्डात कुठेतरी, असं म्हणाल्या होत्या. खाटेवरच, असं नव्हत्या म्हणाल्या.

माझ्या टेबलामागे ड्यूटीची पाटी आहे. इनचार्ज, सिस्टर, मावशी, क्लार्क. क्लार्कच्या पुढे मी ती तीन अक्षरं लिहिली. सुवाच्य. दारातून दिसेल असं.

फोन थांबला.

२४ मार्च, सोमवार

मोठे डॉक्टर बाबांपाशी किती वेळ बसले! छाती तपासली, विनोद केला. बाबांना दोनदा चहा. जेवणही गरम. दोन दिवसांत घरी सोडणार. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

डॉक्टरांना पथ्याचं विचारलं. त्यांनी उत्तर सिस्टरला दिलं. असू दे.

कॅन्टीनवाल्याने माझ्या मागच्याला आधी विचारलं. मग त्याच्या मागच्याला. मी गंमत म्हणून उभी राहिले. गंमत म्हणून—

बाबांना मी दिसते. मघाशी म्हणाले, पोरी, जेवलीस का.

२५ मार्च, मंगळवार

नवी क्लार्क आली. हसरी आहे. माझ्या खुर्चीत बसायला लागली, मी वेळेवर उठले. माफ करा हं, असं म्हणाले तिला. का म्हणाले?

ड्यूटीची पाटी पुसायला गेले. पुसलेलीच होती. क्लार्कच्या पुढे तिचं नाव होतं.

इनचार्ज सिस्टरसमोर उभी राहून ओरडले. घसा बसेपर्यंत. त्यांनी एसीकडे बघितलं आणि म्हणाल्या, फार आवाज करतोय आजकाल.

बाबांनी आज हाक मारली नाही. दोनदा माझ्या दिशेला बघितलं, पण खिडकीकडे बघतात तसं. दमले असतील. औषधांची गुंगी असेल. उद्या घरी गेलो की—

२६ मार्च, बुधवार

डिस्चार्ज.

नव्या क्लार्कने बाबांना विचारलं, न्यायला कोण आलंय आजोबा, नातेवाईक कोण लिहू? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. मी म्हणाले, मुलगी. मुलगी लिहा.

बाबांनी फार वेळ विचार केला. ओठ हलले. वळून माझ्याकडे बघितलं, शपथ, अगदी डोळ्यांत— मग तिला म्हणाले, सभ्यपणे, कोणी नाही हो. एकटाच असतो मी. मूलबाळ झालंच नाही आम्हाला.

बरे झालेत. चेहरा तुकतुकीत दिसतोय. हेच हवं होतं मला. हेच तर—

त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला नाही, नुसता थंडी वाजल्यासारखा खिशात घातला.

जिन्याकडे निघालेत. पिशवी स्वतःच घेतलीय. लिफ्ट का नाही धरली कोणी, छाती अजून कच्ची आहे, एका हातात पिशवी, दुसरा खिशात, आणि त्या बाजूला कठडा तुटलाय, कोणीतरी धरा त्यांना, कोणीतरी— बाबा, थांबा, मी येते, मी