बूट घालून झोपल्याची शिक्षा

मिशिगन, जानेवारी १९३७

आई,

तुझ्या हर्शेलचा नमस्कार. संप चालू आहे, पण मी खुशाल आहे. मालकानं आमच्या जागी दुसरे कामगार आणू नयेत म्हणून आम्ही कारखान्यातच मुक्काम ठोकलाय. नव्या मोटारींच्या सीटवर झोपतो, रोज झाडलोटही करतो. पोलीस आहेत, पण फाटकाबाहेर.

आज माझ्यावर खटला चालला! मी बूट घालून सीटवर झोपलो होतो. कोर्ट आम्हा संपकऱ्यांचंच, न्यायाधीश म्हातारा बोलेस्लाव. वीस वर्षं या सीटा शिवतोय. काय माणूस आहे म्हणून सांगू!

म्हणाला, "गाढवा, भांडण मालकाशी आहे. सीटनं तुझं काय घोडं मारलंय? आईला शेवटचं पत्र कधी टाकलंस?"

"उन्हाळ्यात," मी मान खाली घालून म्हणालो.

"मग आज लिही. हीच शिक्षा."

सगळे खो खो हसले. तसा तो त्यांच्याकडे वळला. "आणि तुम्ही रे?"

तुझा खोकला कसा आहे? मालकानं इथले हीटर कालपासून बंद केलेत, पण तू विणलेला स्वेटर अंगात आहे.

आता आवरतं घेतो. पेन्सिल एकच आहे, आणि माझ्यामागे चाळीस जण बूट काढून रांगेत उभे आहेत.

तुझा,
हर्शेल