प्रिंटर जोडलेला नाही

रविवार, १२ मे

आज मी खोटं बोलले. तेही पोटच्या पोराशी, आणि एका प्रिंटरवरून.

संगणक सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी येतात, त्या सोप्या मराठीत करायचं काम नितीन बंगळुरूला बसून करतो. सामान्य माणसाला त्या कळतात का, हे माझ्यावर तपासतो. दर रविवारी नव्या ओळी, मग फोन. हे सुरू होण्याआधी महिना महिना फोन नसायचा. पहिल्यांदा नुसतं 'अयशस्वी' आलं होतं. "कोण अयशस्वी? मी की तू? वाक्याला कर्ता नको?" असं झापलं त्याला! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असल्या वाक्याला पट्टी दाखवली असती.

आजची ओळ : 'प्रिंटर जोडलेला नाही. बाकी सगळं ठीक आहे.' कुठे बोट ठेवायला जागा नाही.

"समजलं न वं आई तुले? झालं मग, ही शेवटची."

मला चिडवायला मुद्दाम असं वऱ्हाडी बोलतो. पण मी चिडले ती 'शेवटची' ऐकून.

"नाही समजलं."

"आता काय नाही समजलं?"

"बाकी म्हणजे काय काय? असं मोघम लिहायला कोणी शिकवलं तुला?"

मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. बदलतो. रविवारी बोलू."

कूलरसमोर बसून ती ओळ पुन्हा वाचली. प्रिंटर जोडलेला नाही. बाकी सगळं ठीक आहे. यात न कळण्यासारखं काय होतं?

पुढच्या रविवारी काय कळलं नाही, ते आताच ठरवून ठेवायला हवं.