तिकिटाच्या खिडकीमागून

ट्राबान, १४ सप्टेंबर १९९८

प्रिय फिंटन,

रविवारी दुपारची गाडी गेली की आपण फलाटावरच्या बाकावर उकडलेले समुद्री शंख खायचो, आठवतं? आतलं मांस काढायला टाचणी एकच. मोठा तुकडा काढून तू माझ्या तळहातावर ठेवायचास. "घ्या बाईसाहेब, नाहीतर कॉन्व्हेंटात सांगाल, भाऊ उपाशी ठेवतो."

तुम्ही सगळे कॉव्हेंट्रीत बरे असाल. तुझ्या लेकीच्या, ऊनाच्या बाळाचा फोटो मिळाला. नाक थेट तुझं, बिचारं! इथे पाऊस आहे, आणि माझे गुडघे.

आपल्या रुळांच्या जागी आता डांबरी पायवाट झाली आहे. सातही मैल. लोक कुत्री फिरवतात. पुढच्या महिन्यात स्टेशनाच्या जागी माहितीचा फलक लागणार आहे. मजकूर शाळेतले किन्सेला मास्तर लिहितायत, म्हणून परवा माझ्याकडे आले होते. शहरातली माणसं समुद्रस्नानाला यावीत म्हणून ही लाइन टाकली, उन्हाळ्यात जादा डबे लागत, हिवाळ्यात आपलेच लोक बाजाराला जात, असं सगळं मी सांगितलं.

"मग बंद का पडली?"

"बस आली," मी म्हटलं.

मग त्यांनी लिहून आणलेलं वाचून दाखवलं. 'लाइन ठेवायची का हे ठरवण्यासाठी प्रवाशांच्या मोजणीला आलेल्या अधिकाऱ्याला रिकाम्या गाड्यांचा आठवडा गार्डनेच सुचवला, असे गावात सांगतात.'

"गार्ड माझा भाऊ होता," मी म्हटलं.

ते लाल झाले. "नाव नाही घातलंय, मिस."

माझा चहा तसाच गार झाला.

फिंटन, नाताळच्या कार्डावर हे मावत नाही, म्हणून सदतीस वर्षं लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तो अधिकारी आधी माझ्या तिकिटाच्या खिडकीशी आला होता. तू फक्त त्याची बॅग उचललीस आणि डब्यात त्याला चहा पाजलास. गावाने तेवढंच पाहिलं. "काय रे, बिस्किटंही दिलीस का साहेबाला?" असं पुढे दुकानात तुला विचारायचे.

त्याने मला विचारलं, "मोजणीला कुठला आठवडा सोयीचा?" मी म्हटलं, "पुढचा." तो मिशनचा आठवडा होता. बाहेरून आलेले पाद्री रोज संध्याकाळी प्रवचन देणार, दुकानं लवकर बंद होणार. त्या आठवड्यात शहरात सिनेमाला गेलेल्याचं नाव वर्षभर चघळतात. गाड्या रिकाम्या जाणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर असम्प्टाने मला मिशनमध्ये एकटीने गायचं गीत दिलं होतं. गर्दी नसली की खिडकी लवकर बंद करून चर्चमध्ये पोचता येईल, एवढाच विचार केला. एकोणीस वर्षांची होते. लाइन जाईल हे डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला अकरा माणसं मोजली गेली. मी गायले. छान गायले.

बंदचं पत्र आलं तेव्हा डॅडींनी जेवणाच्या टेबलावर विचारलं, "त्या माणसाला तो आठवडा कुणी दिला?" तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मग बटाटे सोलत राहिलास. डॅडी म्हणाले, "समजलो." त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत, शेवटच्या दुखण्यातही नाही. मी उशाशी होते. तेव्हाही सांगितलं नाही.

तुला माहीत होतं का, हे मी विचारत नाही.

काल मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नुसतं ते वाक्य काढून टाकू." मी म्हटलं, "नाही. गार्डच्या जागी तिकीट-क्लार्क लिहा, आणि खाली माझं नाव." फादर डोनलनाही सांगितलंय. आता दुकानातही कळलं असेल. पावाची लादी देताना मिसेस फोली आज गप्प होती.

बुधवारी शहरातल्या इस्पितळात जायचंय, हृदयाची झडप बदलायला. डॉक्टर उत्साही आहे, मी तेवढी नाही. म्हणून लिहून ठेवते. डॅडींचं घड्याळ तुझं. त्यांनी ते मला दिलं, कारण तुला द्यायचं नव्हतं. रोज किल्ली दिली आहे, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. तुझा हिरवा झेंडा धुऊन ठेवलाय, तो ऊनाच्या बाळाला. हातकंदील मास्तरांच्या फलकापाशी. घर विकायचं की ठेवायचं, ते तू ठरव. किल्ली मिसेस फोलीकडे, ती मागितलीस की तिला बोलावं लागेल.

माझी गीतांची वही कुणालाच देऊ नकोस.

खिडकीमागची तुझी बहीण,
डिम्फना