धोंड्याच्या जेवणात आबा पडले त्याबद्दल

लिंबायत, सुरत
मंगळवार

तीर्थस्वरूप दगाआबांच्या चरणी जावई गोपालचा साष्टांग नमस्कार (लांबूनच करतोय, आपण बिनधास्त बसा).

आपली प्रकृती ठीक असेल असं लिहायची रीत आहे, पण ती ठीक नाही हे मेहुणा गजेंद्र मला रोज फोन करून सांगतो. खांदा सुजलाय, हात वर जात नाही, टोपीसुद्धा आई घालून देतात. आईंना नमस्कार. माझं नाव निघालं की त्या भांडी आपटतात, हेही कळलं. आपली लेक वर्षा आणि नात सोनाली आपल्याबरोबर अमळनेरला आहेत म्हणजे सुखात असणारच. मी इथे अकरा दिवस खिचडी खातोय आणि रोज ती वेगळ्या प्रकारे बिघडते.

आबा, आपण मुलगी दिली ती कराटेच्या मास्तरला, हे मला मान्य आहे. तेव्हा मी कपाळाने कौलं फोडत असे आणि आपण गावभर सांगत होतात, जावयाचं डोकं पक्कं आहे म्हणून. बावीस वर्षं मी लूमवाल्यांच्या पोरांना लाथा-बुक्क्या शिकवल्या, काळा पट्टा बांधून लिंबायतभर मिरवलो. मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, लाथा बंद. त्याच सुमारास पुण्याच्या शिबिरात सरलाबाई भेटल्या. वय एकोणसत्तर, अंगावर पाव मण मांस असेल-नसेल. त्यांनी मला सहा वेळा जमिनीवर झोपवलं आणि दर वेळी वर विचारलं, लागलं नाही ना? (लागलं होतं, पण कुठे ते सांगता येईना.) ही विद्या आयकिडो. समोरच्याने ओढलं तर आपण उलट ओढायचं नाही, त्याच्याबरोबर जायचं, वळायचं, तो स्वतःच्याच जोराने पडतो. इतकं सोपं आहे, आणि वर्ष झालं तरी मला धड येत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पांढरा पट्टा बांधून मी पहिलीत बसलो.

क्लासचं काय झालं ते आपण ऐकलंच असेल. आमच्या आयकिडोत स्पर्धा नाही, मेडल नाही, ओरडायचं नाही, काही फोडायचं नाही. एक एक पालक येऊन विचारू लागले, "सर, मेडल क्यारे मळशे?" मी म्हणालो, कधीच नाही. तेव्हा त्यांनी पोरांना स्केटिंगला घातलं. साठ पोरं होती, दिवाळीपर्यंत सात उरली, संक्रांतीला एकही नाही. एका आईने तर माझा पट्टा पाहून हळूच विचारलं, सर नापास झाले का?

आता त्या दिवसाचं. धोंड्याचा महिना, जावयाला जेवण घालायचं म्हणून आपण दोघं मुद्दाम सुरतेला गजेंद्रकडे आलात, आईंनी पुरणाचे धोंडे केले. जेवण झालं, टॉवेल-टोपी आणि सफारीचं कापड घेऊन आपण उठलात. आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊकच आहे. पहिल्या खेपेला आहेर घेतला तर जावई हावरा. म्हणून मी नको म्हणालो, आपण घ्या म्हणालात, मी परत नको म्हणालो. आपण म्हणालात, "ल्या ना जवाईबापू, नही नका म्हनू!" आणि माझं मनगट धरून ओढलंत. आबा, वर्षभर रोज पहाटे कोणीतरी मनगट ओढतंय आणि मी वळतोय, दुसरा उद्योगच नाही. हात आपोआप गेला. सफारीचं कापड एकीकडे, आपण खाटेच्या कडेवर, आणि आपला एक पाय पुरणाच्या पातेल्यात. माझा त्यात काडीचाही हेतू नव्हता. बावीस वर्षांत मला एकही डाव इतका स्वच्छ जमला नव्हता, हे मात्र दुर्दैव.

तरी लेकराची चूक पोटात घालावी आणि वर्षाला पाठवावं. तिच्यावाचून घर खायला उठतं.

आपला नालायक जावई,
गोपाल

ता. क. घर खायला उठतं हे खरंच, पण पूर्ण खरं सांगायचं तर पहाटे माझं मनगट धरणारी तीच होती. क्लासमध्ये आता तेवढी एकच विद्यार्थिनी आहे. ती माझ्यापेक्षा चांगली पडते आणि मला पाडतेही. हे आईंना सांगू नये.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. हात आपोआप गेला हे खोटं आहे. ओढता ओढता आपण सगळ्यांसमोर हसून म्हणालात, "बावीस वरीस शिकाडं नि पांढरा पट्टा? जवाई नापास व्हयना!" मला राग आला, आबा. जुना, कौलं फोडायचा राग. गुडघ्याचंही खोटं. गुडघा कधीच बरा झाला. मागच्या वर्षी मी फळीवरचा डबा काढायला हात उचलला, आणि खाली अभ्यास करत बसलेल्या सोनालीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी तिला कधी बोट लावलेलं नाही. पण घरात इतका ओरडत होतो की पोरीने पुढचं धरूनच ठेवलं होतं. मी सरलाबाईंकडे गेलो तो त्यासाठी.

सोनाली माझ्याशी फोनवर बोलत नाही. आपण तिला जवळ घेऊन एवढंच विचारा, की आजोबा पडले तेव्हा तिने डोकं झाकलं होतं का. हो म्हणाली, तर वर्षाला पाठवा हे वर लिहिलंय ते खोडून टाका. त्यांना तिकडेच राहू द्या.