कालचा बॅकअप कोणी पुसला?

२० सप्टेंबर
नरसिंहम सर म्हणाले, दसऱ्याला सर्व्हरची पूजा झाली की जो कोहळा फोडेल, तोच पुढे टीमचा प्रमुख. म्हणजे मीच. सिद्दिपेटहून येऊन केबल ओढण्यापासून सुरुवात केलीय. सिंधुजाला इथे जेमतेम वर्ष झालंय. तिला कोहळा उचलेल तरी का?

२२ सप्टेंबर
सिंधुजाची स्क्रिप्ट बॅकअप तपासते आणि रोज काहीतरी कुरकुर मेल करते. सर म्हणतात, केवढं बारीक लक्ष! आमच्या वेळी याला किटकिट म्हणायचे.
ठरलं. आपलीही स्क्रिप्ट. फाइलच्या नावात तारीख असतेच. आजचं नाव कालच्या नावापेक्षा मोठं, तर बॅकअप ठीक. कंसात दोन्ही नावं, मध्ये ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह. एक ओळ. तिच्या साठ आहेत. बॅकअपच्याच फोल्डरमध्ये चालू करून दिली.

२३ सप्टेंबर, सकाळी
‘सगळं ठीक.’ पहिल्याच फटक्यात.

२६ सप्टेंबर
काल लाइट गेली, बॅकअप झालाच नाही म्हणे. सिंधुजाच्या स्क्रिप्टने आकांत केला. माझी म्हणाली, ‘सगळं ठीक.’ याला म्हणतात धीर.
सरांनी मात्र सिंधुजाला मिरची भजी खिलवली.

२९ सप्टेंबर
वरंगळच्या बियाणेवाल्याला गेल्या आठवड्याचा हिशेब हवा होता. त्या आठवड्याच्या सगळ्या फाइली कोऱ्या निघाल्या. सर पांढरे पडले. मी हळूच सुचवलं, सिंधुजा त्या फोल्डरमध्ये फार असते. शिवाय कोहळा कसा धरायचा, हे ती फोनवर आईला विचारत होती. माझे कान तिखट आहेत.

१ ऑक्टोबर
सरांनी तपास तिलाच दिला. कमाल आहे.
दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, एकेरी कंसात हे चिन्ह मोठं कोण ते बघतच नाही. उजवीकडच्या नावाची फाइल कोरी करतं. तुमची स्क्रिप्ट रोज कालचा बॅकअप पुसायची आणि वर सगळं ठीक म्हणायची.”
मी म्हटलं, ठाऊक होतं, तुझी परीक्षा घेत होतो.
“मग पास झाले ना? दुहेरी कंस घातलेत. फाइलींची दुसरी प्रत माझ्याकडे आहे, हिशेब वाचला. आता सरांना तुम्ही सांगता, का मी सांगू?”
मीच सांगितलं. म्हटलं, कंसाची चूक झाली.

२ ऑक्टोबर, दसरा
कोहळा सिंधुजाने फोडला. हळदकुंकवाचं ताट मी धरलं.
यापुढे माझी कुठलीही स्क्रिप्ट तिने पाहिल्याशिवाय चालवायची नाही, असा सरांचा हुकूम निघालाय. बरंच झालं. माझं काम जवळून बघून पोरगी चार गोष्टी शिकेल.